कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ

"आई, जराशी डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे. हां, आता मान तशीच ठेव. हलू नकोस."

"मी हललेच नाही," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि एवढं बोलताना पुरत्या हलल्या.

सदाशिव पेठेतल्या त्या चिमुकल्या स्टुडिओत शनिवारी सकाळपासून हेच चाललं होतं. रुपालीनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं आणि कपाळावरचा घाम पुसला. तिच्या मागे खुर्चीत बसलेले हिंमतराव, म्हणजे तिचे बाबा, पुढे वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलेलं चित्र बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

"केस पेटल्यासारखे दिसतायत," ते म्हणाले.

"कान बघा ना. जास्वंदीचं फूल खोचल्यासारखा लाल झालाय."

"मग दिवा अजून मागे घे."

"बाबा, अजून मागे घेतला तर तो शेजारच्या इस्त्रीच्या दुकानात जाईल."

एरवी हिंमतराव हसले असते. आज नाही हसले. त्याला कारण होतं दर्शनी काचेतला तो फोटो.

पस्तीसेक वर्षं तो तिथेच होता. सगळा काळोख, आणि त्या काळोखात कपाळापासून हनुवटीपर्यंत उजेडाची एकच बारीक रेघ. चांदीची तार वाकवून कुणी बाईचा चेहरा काढावा, तशी. बाकी काही नाही. डोळा नाही, गाल नाही, तरी बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई आपण अगदी पुरती बघितली. ती बाई म्हणजे विजयमालाबाई, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतानाच्या. पेठेत पत्ता सांगताना लोक स्टुडिओचं नाव घेतच नसत. 'रेघेचा फोटो आहे ना, त्याच्यासमोर' म्हणत. रुपाली शाळेतून येताना त्या काचेपुढे थांबायची, आईच्या नाकावरून लांबूनच बोट फिरवायची आणि मग आत यायची. आता स्टुडिओ तीच चालवत होती. बाबांचे हात कापायला लागले, तेव्हापासून कॅमेरा तिच्याकडे होता. तोंड मात्र अजून बाबांचंच चालायचं. "थांब, आत्ता नको, आत्ता दाब," हे पासपोर्टच्या फोटोलासुद्धा.

तर पेठेतल्या जुन्या स्टुडिओंचं एक प्रदर्शन उद्यापासून भरणार होतं. प्रत्येकानं आपला एक जुना गाजलेला फोटो द्यायचा आणि त्याच्या शेजारी तोच फोटो आज नव्यानं काढून लावायचा. माणूस तोच, उजेड तोच. भरवणाऱ्यांत मुख्य होते बापूराव, हिंमतरावांचे तरुणपणापासूनचे मित्र, आणि तेवढ्याच वर्षांचे स्पर्धक. त्यांनी मागच्या आठवड्यात चहाच्या दुकानात, चार माणसांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं, "हिंमत्या, तो फोटो तू काढलेला नाहीस. तो तुला लागला. काढला असशील तर पुन्हा काढून दाखव."

हिंमतरावांनी कप बशीत ठेवला होता. "रविवारी सकाळी तुझ्या हातात देतो. नाही जमलं, तर काचेतला उतरवून ठेवतो."

झालं. बाबा बोलले म्हणजे बोलले. उतरवणार म्हणजे उतरवणारच. त्या काचेत दुसरं काही लागलेलं रुपालीला डोळ्यांपुढेही आणवत नव्हतं.

फोटो कसा काढला, ही गोष्ट हिंमतरावांनी हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येक पोराला सांगितली होती. वीज गेलेली. कॅमेऱ्यात एकच फ्रेम उरलेली. मग मी काय केलं, समई हिच्या मागे ठेवली, हिला म्हटलं मान थोडी वळव, आणि मारली फ्रेम. बॅकलाइट म्हणजे काय, ते असं! पोरं माना डोलवायची. लग्नाच्या फोटोंत नवरीच्या मागे दिवा ठेवून तिची ओढणी चमकवायची, ती युक्तीही याच गोष्टीतून सगळ्यांच्या हाताला लागलेली.

तोच मागचा दिवा आज मात्र काही केल्या ऐकत नव्हता. सरळ मागे ठेवला की डोक्याभोवती नुसतं तेजोवलय. जरा बाजूला घेतला की मान, खांदा, अंबाडा सगळं उजळायचं आणि चेहऱ्याची बाजू तेवढी अंधारात. मान वळवावी तर विजयमालाबाईंची मान अवघडायची आणि चेहऱ्यावर दात दुखत असल्यासारखा भाव यायचा.

"हा एलईडीचा उजेडच मेला पांढराफटक," हिंमतराव शेवटी उठले. "जिवंत ज्योत पाहिजे. तेव्हा समई होती, आत्ताही समईच पाहिजे."

लग्नमुंजीच्या फोटोंसाठी ठेवलेल्या सामानाच्या कपाटातून त्यांनी पितळी समई काढली. रुपालीनं तेल घातलं, वाती लावल्या आणि समई आईच्या स्टुलामागे नेऊन ठेवली. ती ठेवून वळते तोच विजयमालाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. वळून, समईकडे तोंड करून, त्यांनी हात जोडले.

"आई, बस ना."

"नाही गं. लावलेल्या दिव्याकडे पाठ करून मी बसत नाही."

"आणि सकाळपासून बसली होतीस ते?" हिंमतराव म्हणाले.

"ते बटणाचे दिवे. त्यांना पाठ करायची नाही म्हटलं तर पुण्यात चालायचं कसं?"

"अगं, ही देवापुढची नाही. दुकानातली आहे. परवा एका मुंजीच्या फोटोत होती."

"तेल घातलं, वात लावली, ज्योत आली. मग ती कुठली का असेना," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या. त्या कधीच मोठ्यानं बोलत नसत. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं. "लहानपणापासूनचा नेम आहे माझा. तो आज फोटोसाठी मोडू?"

"त्या दिवशी बसली होतीस की! तेव्हा कुठे गेला होता नेम?"

"त्या दिवशी नव्हते बसले."

हिंमतराव हसले. "हा फोटो मग मी काय हवेतून काढला?"

"ते तुमचं तुम्हांला ठाऊक. मी देवापुढे जपाला बसले होते. समई माझ्या समोर होती, रोज असते तशी. दिवे गेले म्हणून तुम्ही बाहेरच्या खोलीतून चाचपडत आलात, दारात थबकलात, आणि खट्‌ आवाज झाला. जप व्हायचा होता, म्हणून मला बोलता येत नव्हतं. मागाहून बोलले होते की सगळं. तुम्हीच विसरलात."

"काय बोलली होतीस?"

"ते आता लेकीसमोर कशाला?"

रुपालीनं पुढचं ऐकलंच नाही. ती स्टुडिओतून बाहेर पळाली. गल्लीतून जाणारा स्कूटरवाला तिच्या अंगावर ओरडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं दर्शनी काचेला नाक लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फोटोत रेघ सोडून बाकीचं बघितलं.

आईचा अंबाडा दिसतच नव्हता. काळोखात विरून गेला होता. मान नाही, खांदा नाही. दिवा मागे असता तर हेच आधी उजळलं असतं, सकाळपासून उजळत होतं तसं! उजेड होता तो फक्त पुढच्या बाजूला. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. आणि पापणीच्या टोकावर, मुंगीच्या पायाएवढा एक ठिपका. ही बाई दिव्याकडे बघत होती. बघतच होती! आणि फोटोच्या उजव्या कडेला तो काळ्याहून काळा उभा पट्टा, ज्याला रुपाली लहानपणापासून फ्रेमची कड समजत आली होती, ती फ्रेमची कड नव्हतीच. ती दाराची चौकट होती. तिच्याआड समई लपली होती.

"काय गं, उतरवायला काढलात का?" मागून आवाज आला. बापूराव उभे होते. खांद्याला शबनम, चेहऱ्यावर काळजीचा आव. "स्टूल आणून देऊ?"

"काका, चला आत!" रुपालीनं त्यांचा हातच धरला. "बाबा! दिवा आईच्या मागे नव्हताच! समोर होता! तुम्ही पलीकडे होता, बाजूला, जरासे तिच्या मागे. दिवा मागे असतो तो कॅमेऱ्याच्या नजरेतून. माणसानं पाठ करायला नकोच आहे! आपण सकाळपासून आईला फिरवतोय, फिरायला आपण पाहिजे!"

हिंमतराव स्टुलावर बसले. गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की तीच खरी होऊन बसली होती. फोटोला कुणी विचारलं नव्हतं, आणि फोटोतल्या बाईला तर त्याहून नाही.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना..."

"थापा मारत होतास," बापूराव म्हणाले. "तरीच माझ्या पोराच्या लग्नाच्या फोटोंत सुनेचे कान लाल आलेत."

कुणी हसलं नाही, कारण रुपाली घड्याळाकडे बघत होती. मार्गशीर्षातले दिवस, लवकर कलतात. दिवेलागण तासाभरावर आली होती. आईचा जप रोज त्याच वेळी, घरी, देव्हाऱ्यापुढे. घर मागच्याच गल्लीत. तिनं आईकडे बघितलं, आणि आईला ते न बोलता कळलं.

"माझा जप कुणाला दाखवायचा नाही मला," विजयमालाबाई म्हणाल्या.

"दाखवायचा नाहीच. तू रोजच्यासारखी बस. आम्ही नाहीच असं समज."

"देवापुढे बसल्यावर कुणी आहे असं मी समजतच नाही. अडचण तुमची आहे. तुम्ही बोलता." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. हिंमतराव अजून जमिनीकडे बघत होते. "हे बघ, लखलख दिवे नकोत. आवाज नको. डावीकडे हो, उजवीकडे हो, काही नको. आणि एकदा उठले की पुन्हा बसायला सांगायचं नाही. फोटोसाठी बसले तर तो जप नव्हे."

"म्हणजे एकदाच मिळणार."

"तेव्हा तरी दोनदा कुठे मिळालं होतं? काचेतला फोटो उतरला तर मला चालेल. यांचं तोंड उतरलेलं नाही चालायचं."

मग काय विचारता! रुपालीनं कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं, पिशवी सगळं खांद्याला मारलं, दुकानाचं शटर ओढलं, आणि वरात निघाली. पुढे ती, मागे आई, त्यामागे हिंमतराव, आणि "मी आपला नुसता बघायला येतो" असं म्हणत बापूराव.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिजला लागून. विजयमालाबाई हातपाय धुवायला गेल्या तशी रुपाली स्वयंपाकघरासमोरच्या बोळात खाली मांडी घालून बसली आणि एक डोळा मिटून बघू लागली. आई बसणार तिथे पाट. समोर देव्हारा, त्यापुढे खाली समई. आणि बोळातून बघितलं तर समई नेमकी फ्रिजच्या आड!

"बाबा, चौकट मिळाली!"

"कुठाय?"

"हा काय, फ्रिज!"

"पस्तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे फ्रिज असता तर फोटोत गारवा आला असता," बापूराव म्हणाले.

हिंमतरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आत्तापर्यंत गप्प असलेला तो माणूस आता जागा झाला होता. त्यांनी फ्रिजच्या चकचकीत अंगावर हात फिरवला. "हा उजेड परत फेकणार. मोठ्या कॅमेऱ्याचं माझं काळं कापड आण पिशवीतून." कापड फ्रिजवर चढलं. मग त्यांनी समई लावल्याचं मनात धरून खोलीभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. मागच्या भिंतीला स्टीलच्या डब्यांची मांडणी होती. एकसारखे, घासून लख्ख केलेले डबे, उतरत्या रांगेत. प्रत्येकात एकेक ज्योत दिसली असती.

"विजया, डबे उतरवू का गं?"

आतून आवाज आला, "उतरवा. पण जागच्या जागी लागले पाहिजेत. मागच्या वेळी रंगकाम झालं, तेव्हा चहात मीठ घालून प्यायलात."

डबे खाटेवर गेले. आता काळोख पक्का व्हायला हवा होता. रुपालीनं दिवे मालवले, आणि तिघंही जागच्या जागी हबकले. समोरच्या इमारतीतल्या क्लासची दिव्यांची पाटी नुकतीच लागली होती. लाल, निळा, लाल, निळा. स्वयंपाकघराची भिंत पोळ्याच्या बैलासारखी रंगली होती.

"मी बंद करायला सांगून येतो," हिंमतराव म्हणाले.

"शनिवारी संध्याकाळी? प्रवेश चालू आहेत त्यांचे. ते तुलाच प्रवेश देतील," बापूराव म्हणाले.

रुपालीनं कपाटातून जाड गोधडी आणली. खिडकीला पडद्याचा दांडा नव्हता, खिळाही नव्हता. ती खिडकीकडे बघत राहिली, मग बापूरावांकडे. बापूराव चांगले उंच होते.

"काका..."

"मी या पैजेचा परीक्षक आहे गं!"

"म्हणूनच. तुमच्यासमोर होईल सगळं. पुढे कुणाला शंका नको."

बापूराव कट्ट्याला टेकून उभे राहिले, दोन्ही हात वर, हातांत गोधडीची टोकं. लाल-निळा नाच थांबला. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"एक माळ."

"तुझ्या आईची की माझ्या बायकोची? माझी बायको माळ धरते आणि मालिका बघते."

तेवढ्यात विजयमालाबाई आल्या. धुवट नऊवारी, डोक्यावर पदर. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. गोधडी धरलेल्या बापूरावांकडेसुद्धा नाही, आणि ते सोपं नव्हतं. त्या पाटावर बसल्या, समई लावली, हात जोडले, माळ हातात घेतली.

रुपालीनं पडद्यावर बघितलं. आधी नुसता काळोख. तिनं उजेड घ्यायचं प्रमाण वाढवलं, तिकाटणं फरशीवरून तसूभर डावीकडे सरकवलं, अजून थोडं, आणि रेघ आली.

आली! तीच! काळ्या पाटीवर खडूनं ओढावी तशी कपाळावरून निघून नाकावर आलेली. आता तिला टाळ्या पिटाव्याशा, ओरडावंसं वाटत होतं, आणि तोंडातून श्वासही मोठ्यानं सोडता येत नव्हता. खांद्यावर बाबांचा हात येऊन पडला. कापरा, गरम. त्यांनाही दिसली होती.

पण रेघ ओठांपाशी संपत होती. जप करताना आईची मान खाली झुकलेली होती, हनुवटी पदराच्या सावलीत बुडाली होती. पाय नसलेलं चित्र असावं तसं ते अर्धंच वाटत होतं. स्टुडिओत असती तर ती म्हणाली असती, आई, हनुवटी वर. इथे म्हणायचं नव्हतं. हळूच दोन-तीन फोटो तिनं काढून ठेवले. ज्योत हलत होती, त्यात रेघही फिसकटली होती. कॅमेऱ्याचं शटर उघडं राहायचं तेवढ्या वेळात ज्योत आणि माणूस दोघंही स्थिर हवे होते. माणूस होता. आईची बोटं सोडली तर तिच्यातलं काहीच हलत नव्हतं. सकाळी स्टुलावर क्षणभर निवांत न बसलेली हीच का बाई, असं वाटावं.

खिडकीपाशी गोधडी थरथरायला लागली. बापूरावांचे हात भरून आले होते. एक निळी फट भिंतीवर उमटली आणि पुन्हा मिटली. त्यांनी दातांत टोक धरलं असावं.

बाबांचा हात खांद्यावर घट्ट झाला. तो हात काय म्हणतोय ते रुपालीला पाठ होतं. थांब. आत्ता नको. मी सांगतो. त्यांचं लक्ष ज्योतीवर होतं, कधी सरळ होते त्याच्यावर. रुपालीचं लक्ष ज्योतीवर नव्हतंच. ते आईच्या बोटांवर होतं. लहान असताना शाळेतून भूक घेऊन यायचं आणि आईचा जप चाललेला असायचा. बोलायचं नाही. मग ती याच बोळात बसून वाट बघायची. माळ संपत आली की बोटं जरा हळू होतात, शेवटच्या मण्यापाशी थांबतात, आई माळ दोन्ही डोळ्यांना लावते, आणि मग देवाकडे बघायला तोंड वर करते. तेवढंच, एका श्वासापुरतं. त्यानंतर खायला मिळायचं. बाबा त्या वेळी नेहमी दुकानात असायचे. त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

बोटं हळू झाली.

थांबली. माळ उजव्या डोळ्याला लागली, डाव्या डोळ्याला लागली. रुपालीनं श्वास धरला. आईचं तोंड वर आलं, पदराच्या सावलीतून हनुवटी निघाली आणि रेघ सरसर खाली धावत जाऊन पुरी झाली. रुपालीनं बटण दाबलं.

बाबांचा हात अजून खांद्यावर तसाच होता. त्यांनी दाबायचं सांगितलंच नव्हतं. सांगेसांगेपर्यंत वेळ निघून गेली असती, हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तो हात हळूच उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

विजयमालाबाईंनी नमस्कार केला, उठल्या, समईकडे पाठ न करता दोन पावलं मागे आल्या. मगच त्यांनी वळून बघितलं.

"आता बोला. फुटाल नाहीतर."

"आला आई! आला! पापणीसकट आला!" रुपाली फरशीवरच उड्या मारायला लागली. हिंमतराव पडद्याला नाक लावून बघत होते. चष्मा काढत होते, पुसत होते, पुन्हा लावत होते. "हनुवटी बघ," ते पुटपुटत होते, "अगं, हनुवटी बघ."

"कुणी मला सांगेल का," गोधडीमागून आवाज आला, "की हात खाली घेऊ?"

दिवा लागला. बापूराव हात चोळत आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावर वाकले. खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पापणीपाशी नेऊन थांबवलं.

"फोकस बरा आहे," ते म्हणाले.

पेठेत याहून वरचं बक्षीस नसतं. हिंमतराव मित्रापुढे जाऊन उभे राहिले.

"लागलाय का काढलाय, तेवढं सांग," त्यांनी विचारलं.

"काढलाय. मी साक्षीला होतो, खांदे निखळेपर्यंत. पण हिंमत्या, तू नाही काढलेलास. पोरीनं काढलाय."

"मग मी काय म्हणतोय? खाली तिचंच नाव घाल."

"आणि जुन्याच्या खाली?"

हिंमतरावांनी बायकोकडे बघितलं. विजयमालाबाई सगळ्यांच्या तळहातावर साखरफुटाणे ठेवत होत्या. "तुमचं असू द्या," त्या म्हणाल्या. "अंधारात चाचपडत आलात आणि दारात थांबलात. तेवढं तरी तुम्ही केलंतच की." मग पडद्याकडे बघून त्यांनी नाकाला बोट लावलं. "हे नाक सासूबाईंसारखं कधी झालं हो?"

रुपालीला जेवण सुचणारच नव्हतं. तिनं कॅमेरा उचलला, चपला पायात सारल्या आणि जिना उतरायला लागली. छापून हातात आल्याशिवाय खरं नाही. मागून बाबांच्या पायांचा आवाज आला, त्यामागे बापूरावांचा. "अरे जपून, म्हातारे आहात!" असा आईचा आवाजही आला. तेवढा मोठा आवाज रुपालीनं तिचा कधी ऐकला नव्हता.

स्टुडिओचं शटर अर्धंच वर करून तिघं वाकून आत शिरले. तिनं छपाईचं यंत्र सुरू केलं, चांगला जाड कागद घातला. यंत्र घरघरलं, कागद आत ओढला गेला, आणि सावकाश बाहेर यायला लागला. नुसता काळा. अजून काळा. बापूरावांनी तोंड उघडलं आणि हिंमतरावांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. कागद बोटभर पुढे आला. काळ्यात एक टिंब दिसलं, टिंबाची तार झाली, तार वाकली, कपाळ झालं.

"सरक की जरा," बापूराव हाताआडून म्हणाले, "नाक यायचंय अजून!"